उंचीची सुई घरी देताना

मूल उंचीने मागे पडते आहे हे घरच्यांच्या आधी शाळेच्या रांगेला कळते. प्रार्थनेला पहिलीत सर्वांत पुढे उभे राहणारे मूल पाचवीतही तिथेच उभे असते. धाकट्या भावाचा शर्ट त्याला बरोबर बसतो. दोन वर्षांपूर्वी घेतलेली चप्पल अजून लहान झालेली नसते. आपण म्हणतो, "आमच्यात सगळे बुटकेच, वाढेल हळूहळू." बहुतेक घरांत हे खरेही असते. पण काही थोड्या मुलांच्या बाबतीत ते खरे नसते, आणि त्या मुलांसाठी औषध आहे. ते गोळीतून मिळत नाही. रोज रात्री सुईने द्यावे लागते, कित्येक वर्षे द्यावे लागते आणि बहुधा घरीच, आई-बापाच्या हाताने द्यावे लागते. ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनबद्दल या महिन्याचे आमचे पान आहे.

हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. औषध सुरू होते तेव्हा गर्दीच्या ओपीडीत सिस्टर एकदा करून दाखवतात, हातात खोका येतो आणि खोक्यातली चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. घरी आल्यावर आई आणि मावशी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहतात. चुका तिथे होतात. त्या ठरावीक जागी होतात, म्हणून टाळताही येतात.

आधी मोजा

उंची मोजायला पैसे लागत नाहीत. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करा. टाचा, कंबरेखालचा भाग आणि खांदे भिंतीला लागलेले, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड वही भिंतीशी काटकोनात धरा, तिच्या खाली पेन्सिलने खूण करा, मग टेपने मोजा. दर सहा महिन्यांनी, शक्यतो सकाळी, आणि शेजारी तारीख लिहा. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. दोन आकड्यांमधला फरक सांगतो. वर्षावासात मुले विहारात जमतातच. विहाराच्या एका भिंतीवर टेप कायमची चिकटवून ठेवली आणि एका वहीत नावे व आकडे लिहिले, तर सगळ्या वस्तीच्या मुलांची नोंद राहील.

जन्मतः बाळ साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर ही सर्वसाधारण चाल. या वयात वर्षाला चार सेंटिमीटरहून कमी वाढणारे मूल डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, मग ते दिसायला कितीही चपळ असो. पाच वर्षांपुढच्या भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली वाढीचे सुधारित तक्ते काढले. ते तयार करण्यात पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातले डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. डॉक्टर तुमच्या मुलाचा आकडा त्या तक्त्यावर मांडतात. मुलाची रेघ खाली घसरत असेल तर ते तपासण्या सुरू करतात.

उंची न वाढण्याची सर्वांत जास्त आढळणारी कारणे दुसरीच आहेत. आई-वडिलांची उंची, पोटभर आणि सकस न मिळणारे अन्न, सारखे जुलाब, रक्त कमी असणे, थायरॉईड, गहू न पचण्याचा आजार, मूत्रपिंड किंवा हृदयाचा जुना विकार, उशिरा वयात येणे. यातल्या बऱ्याच मुलांना इंजेक्शनची गरजच नसते. थायरॉईडची स्वस्त गोळी सुरू केली की काही मुले भराभर वाढायला लागतात. म्हणून डॉक्टर आधी या तपासण्या करतात. त्यात वेळ जातो म्हणून चिडू नका.

ग्रोथ हार्मोन आपल्या मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत तयार होते. तिला पिट्युटरी किंवा पीयूषिका ग्रंथी म्हणतात. साधारण चार ते दहा हजार मुलांमागे एखाद्या मुलात ही ग्रंथी ते पुरेसे बनवत नाही. हे हार्मोन रक्तात सारखे नसते. गाढ झोपेत जास्त सुटते आणि दिवसा बराच वेळ जवळपास नसतेच. त्यामुळे एखाद्या लॅबमध्ये सकाळी जाऊन "ग्रोथ हार्मोनची टेस्ट" केली आणि आकडा कमी आला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी खर्च करू नका. खरी चाचणी रुग्णालयात होते. औषध देऊन ग्रंथीला चेतवतात आणि ठरावीक अंतराने अनेकदा रक्त घेतात. सोबत डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात, आणि गरज वाटली तर मेंदूचा एमआरआय करतात.

मुलींबद्दल वेगळे सांगावे लागते. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम असतो. यात एक्स गुणसूत्र अपुरे असते. उंची खुंटते आणि बहुतेकींना पाळी आपोआप येत नाही. त्यांनाही ग्रोथ हार्मोन उपयोगी पडते, पण लवकर सुरू केले तर. मुलगा ठेंगणा राहिला की घर काळजीत पडते. मुलगी ठेंगणी राहिली की "नवरा बुटका बघू" म्हणून हसण्यावारी नेतात आणि सोळाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून धावतात. तोवर हाडे मिटत आलेली असतात. लांब हाडांच्या टोकांना वाढीच्या मऊ पट्ट्या असतात. वयात येण्याचा काळ सरला की त्या पक्क्या होतात आणि मग कुठल्याच औषधाने उंची वाढत नाही. सातव्या-आठव्या वर्षी दाखवलेली मुलगी आणि पंधराव्या वर्षी दाखवलेली मुलगी यांच्या वाट्याला येणारे सेंटिमीटर सारखे नसतात.

कुठे जायचे, पैसे कुठून आणायचे

अंगणवाडीत आणि मनपा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि उंचीचा विषय आपणहून काढा. फुलेनगर, शांतीनगर, धानोरी, कळस इथल्या घरांना येरवड्याचे मनपाचे राजीव गांधी रुग्णालय जवळ आहे. तिथून चिठ्ठी घेऊन ससूनच्या बालरोग विभागात जाता येते. सोबत उंचीची वही, आधीचे सगळे कागद आणि जन्माच्या वेळचे वजन लिहिलेले कार्ड न्या. जन्माचे वजन डॉक्टर हमखास विचारतात.

औषध महाग आहे. महिन्याला हजारो रुपये लागतात आणि वजन वाढेल तसा डोस वाढतो, म्हणजे खर्चही. घरकाम, बिगारी किंवा रिक्षा यांच्या कमाईवर हे वर्षानुवर्षे पेलणे बहुतेकांना शक्य नाही, हे आम्ही लपवून ठेवत नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्र सरकारचे २०२१ चे दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आहे. सिद्ध झालेली ग्रोथ हार्मोनची कमतरता, टर्नर, नूनन आणि प्राडर-विली सिंड्रोम यांसाठीचे ग्रोथ हार्मोन त्या धोरणाच्या यादीत आहे. या धोरणाखाली २०२२ पासून एका रुग्णाच्या उपचाराला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पैसे आपल्या हातात येत नाहीत. सरकारने नेमलेल्या केंद्रामार्फत उपचार होतो. महाराष्ट्रात असे केंद्र मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात आहे. पुण्यातही केईएम नावाचे रुग्णालय आहे, तेव्हा घोटाळा करू नका. तपासण्यांचे कागद पूर्ण असल्याशिवाय तिथे पुढे काही सरकत नाही.

धर्मादाय रुग्णालयांनी गरीब रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखायच्या आहेत. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालये त्यात येतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. रिसेप्शनवर "नाही" ऐकून परत फिरू नका. समाजसेवा अधीक्षकांचा टेबल वेगळा असतो.

पैशांची सोय किती महिन्यांची आहे हे डॉक्टरांना आधीच मोकळेपणी सांगा. तीन महिने द्यायचे, सहा महिने बंद, पुन्हा दोन महिने, अशाने पैसाही जातो आणि उंचीही मिळत नाही.

औषध आहे तरी काय

१९५८ साली अमेरिकेत पहिल्यांदा एका मुलाला ग्रोथ हार्मोन दिले तेव्हा ते मृत माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथीतून काढलेले होते. पुढे अशा औषधातून काही जणांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे कळले आणि १९८५ मध्ये ते थांबवले गेले. त्याच वर्षी जिवाणूंकडून प्रयोगशाळेत बनवून घेतलेले हार्मोन वापरात आले. आज मिळते ते याच जातीचे. "मेलेल्या माणसाचं काढतात" ही अफवा अजून ऐकू येते, ती जुन्या काळातली आहे. हे स्टेरॉईडही नाही.

ग्रोथ हार्मोन हे प्रथिन आहे, अंड्याच्या पांढऱ्यासारखे. अंडे गरम केले की घट्ट होते, फेटले की फेस होतो, आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात.

फ्रीज आणि पत्र्याचे घर

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, आणि त्याच्या लगेच खालच्या ट्रेवरही नाही, कारण एका दाराच्या छोट्या फ्रीजमध्ये तिथेही वस्तू गोठतात. दारात नको, दार सारखे उघडते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डब्यात ठेवा. एकदा गोठलेले औषध वितळल्यावर अगदी स्वच्छ दिसले तरी फेकून द्यायचे.

घरी फ्रीज नसेल तर शेजारच्यांकडे ठेवा, पण डब्यावर मोठ्या अक्षरांत "औषध, हात लावू नये" असे लिहा आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाला समजावून सांगा. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज काही तास थंड राहतो. माठात ठेवू का, असे विचारले जाते. माठाने औषध थोडे थंड राहील, पण एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखालचा माठ ८ अंशांपर्यंत उतरत नाही. काही कंपन्यांचे पेन ठरावीक दिवस बाहेर चालते, तेही पत्र्याच्या घरातल्या उन्हाळ्यात नाही. ते आपल्या औषधाला लागू आहे का, हे डॉक्टर किंवा मेडिकलवाल्याकडून चिठ्ठी वाचून घेऊन ठरवा.

मेडिकलमधून आणतानाही बर्फाच्या पाकिटासोबत घ्या आणि थेट घरी या. बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असावी.

पावडर आणि पाणी

बऱ्याच कंपन्यांचे औषध छोट्या बाटलीत पांढऱ्या पावडरीच्या रूपात येते आणि सोबत पाण्याची दुसरी बाटली असते. हे पाणी साधे नसते. काहींच्या पाण्यात जंतू वाढू न देणारा घटक असतो, म्हणून मिसळलेली बाटली फ्रीजमध्ये ठरावीक दिवस चालते. कंपनीप्रमाणे ती मुदत बदलते, १४ दिवस किंवा २८ दिवस. तो घटक नसलेल्या पाण्यात कालवलेले औषध लगेच किंवा जास्तीत जास्त दिवसभरात संपवायचे असते. सोबतचे पाणी सांडले म्हणून मेडिकलमधून "इंजेक्शनचे पाणी" आणून भागवले, तर तीच बाटली पुढे दोन आठवडे वापरणे धोक्याचे होते. घरचे उकळलेले पाणी तर चुकूनही नको.

हात साबणाने धुवा आणि स्वच्छ टॉवेलवर सामान मांडा. दोन्ही बाटल्यांची रबरी बुचे स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या, फुंकर मारू नका. सिरिंजमध्ये चिठ्ठीत सांगितले आहे तेवढेच पाणी घ्या. सुई पावडरच्या बाटलीत घालून तिचे टोक काचेच्या बाजूकडे वळवा. पाणी पावडरवर जोरात न मारता काचेवरून हळूहळू ओघळू द्या. मग बाटली दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवा. हलवायची नाही. खोकल्याचे औषध हलवून द्यायची आपल्याला सवय असते आणि हात आपोआप हलतो, तेवढे सांभाळा. काही मिनिटांत पावडर विरघळते. औषध पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर ते वापरू नका, बाटली फेकूही नका, डॉक्टरांना दाखवा.

स्वच्छ झाले की बाटलीवर चिकटपट्टी लावून त्या दिवसाची तारीख आणि संपण्याची तारीख पेनने लिहा. "लक्षात राहील" म्हणून कोणी सोडू नये. संपण्याची तारीख आली की बाटलीत औषध उरले असले तरी ते टाकायचे. महाग औषध टाकताना हात थरथरतो, हे आम्हाला कळते. डोस आणि बाटली यांचे गणित जुळावे म्हणून कोणती बाटली घ्यायची, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारता येते.

सिरिंजवरचा आकडा

आता सर्वांत मोठी चूक. इथे घाई न करता वाचा, आणि घरात गणित बरे असलेल्या मुलीला शेजारी बसवा.

डॉक्टर डोस युनिटमध्ये किंवा मिलिग्रॅममध्ये लिहितात. ग्रोथ हार्मोनच्या बाबतीत १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. कागदावर "१" लिहिलेले असेल तर एक काय, हे तिथेच विचारा. एक युनिट समजून दिले आणि लिहिला होता एक मिलिग्रॅम, तर मुलाला तिसरा हिस्साच मिळाला.

हे औषध मोजायला बहुधा इन्सुलिनची सिरिंज वापरतात. आपल्याकडे ती दोन प्रकारची मिळते. लाल टोपीची यू-४०, तिच्यात एका मिलिलिटरचे ४० भाग असतात. नारिंगी टोपीची यू-१००, तिच्यात एका मिलिलिटरचे १०० भाग असतात. त्या खुणा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत, ग्रोथ हार्मोनच्या युनिटच्या नाहीत. घोळ इथे होतो.

समजा बाटलीत १० युनिट हार्मोन आहे आणि त्यात १ मिलिलिटर पाणी घातले. समजा डॉक्टरांनी २ युनिट सांगितले. (हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या मुलाचा डोस वेगळा असेल.) दहातले दोन म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ मिलिलिटर. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर ते २० च्या खुणेला येते. लाल टोपीच्या सिरिंजवर ते ८ च्या खुणेला येते. आईला "वीसपर्यंत भरा" एवढेच सांगितलेले असते. एक दिवस मेडिकलमध्ये नारिंगी संपते आणि दुकानदार लाल देतो. आई वीसपर्यंत भरते, तर आत अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे ५ युनिट. मुलाला अडीचपट औषध गेले. उलट, कोणी "दोन युनिट" ऐकून नारिंगी सिरिंज २ च्या खुणेपर्यंत भरली, तर मुलाला दहावा हिस्सा मिळाला. महिने जातात, पैसे जातात, उंची हलत नाही, आणि सगळे म्हणतात औषध लागू पडले नाही.

पाणी एकाऐवजी दोन मिलिलिटर घातले की खूण पुन्हा बदलते. म्हणून कंपनी बदलली, बाटली बदलली, पाण्याचे माप बदलले किंवा सिरिंज बदलली, की जुनी खूण रद्द समजा आणि डॉक्टर किंवा सिस्टरकडून नवी खूण करून घ्या. सगळ्यात सोपे म्हणजे ओपीडीत त्यांच्यासमोर रिकामी सिरिंज धरून "इथपर्यंत का?" असे विचारा, तिथे पेनने खूण करून घ्या आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटोत टोपीचा रंगही यायला हवा.

पेन असेल तर हे गणित टळते, आकडा फिरवायचा असतो. पण पेनवरचा आकडा मिलिग्रॅमचा आहे की युनिटचा, हे तिथेही विचारावे लागते.

सुई देणे

वेळ रात्री झोपण्याआधीची, कारण शरीरात हे हार्मोन रात्रीच जास्त सुटते. फ्रीजमधून काढलेला थंडगार डोस जास्त चुरचुरतो, तेव्हा सिरिंज भरून झाल्यावर एक-दोन मिनिटे थांबा. मांडीचा वरचा-बाहेरचा भाग, बेंबीपासून चार बोटे दूर पोट, किंवा कुल्ल्याचा वरचा भाग. कातडी दोन बोटांनी हलकी चिमटीत धरा, सुई कातडीखालच्या चरबीत जाऊ द्या, दट्ट्या सावकाश दाबा, दहापर्यंत मोजा आणि सुई काढा. सुई सरळ घालायची की तिरपी, हे तिच्या लांबीवर असते. सिस्टरने दाखवले तसेच करा. नंतर चोळू नका. रोज जागा बदला: आज उजवी मांडी, उद्या डावी. एकाच जागी देत राहिले तर तिथे खड्डा किंवा गाठ होते आणि औषध नीट शोषले जात नाही. कॅलेंडरवर रोज "उ" किंवा "डा" लिहिले तरी पुरते.

सुई दर वेळी नवी. घरात आजीला साखर असेल आणि तीही इन्सुलिन घेत असेल, तरी सिरिंज एकमेकांची नाही, धुऊनही नाही. कावीळ बी आणि एचआयव्ही अशाच पसरतात.

सुई द्यायला घरातल्या दोघांना शिकवून ठेवा. आई रात्रपाळीला गेली तर बाबांनी किंवा आत्याने द्यावी. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचाच डोस द्या आणि वहीत लिहा. मुलाला जागा निवडू द्या. आज कुठे, हे त्यानेच सांगावे. दहा-बारा वर्षांची मुले मोठ्यांसमोर स्वतःही शिकतात. आणि "अभ्यास नाही केलास तर सुई टोचीन" हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारू नये.

प्रवासाचे म्हणाल तर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन रात्री परत येता येते, औषध घरीच राहू द्या. ६ डिसेंबरला दादरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे असेल तर चांगला थर्मास किंवा बर्फपेटी घ्या, बर्फाचे पाकीट कापडात गुंडाळा, औषध बर्फाला थेट लागू देऊ नका आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. थंड ठेवण्याची सोयच नसेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून एखाद-दोन रात्री वगळणे, हे गरम झालेले औषध टोचण्यापेक्षा बरे.

कधी धावायचे

बहुतेक मुलांना फारसा त्रास होत नाही. पण डोके जोरात दुखून उलट्या होणे किंवा अंधुक दिसणे, मूल लंगडणे, कंबर किंवा गुडघा दुखणे, पाठ एका बाजूला वाकणे, हातापायांना सूज, फार तहान आणि सारखी लघवी, यातले काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लंगडण्याला "पडला असेल" म्हणू नका. खुब्याच्या हाडाचे टोक सरकलेले असू शकते आणि तिथे उशीर महागात पडतो. ज्या मुलांची ग्रंथी इतर हार्मोनही कमी बनवते, ती ताप-उलटीत अचानक मलूल पडली तर लगेच रुग्णालयात न्यायची, रात्र असली तरी. मुलाला कधी गाठ किंवा कर्करोग झाला असेल तर ते औषध सुरू करण्याआधी सांगायलाच हवे.

दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नका. वजन वाढले की डोस बदलतो. पहिल्या वर्षी बहुतेक मुले आधीपेक्षा दुप्पट वेगाने वाढतात, आठ-दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्तही. पुढे वेग कमी होतो, तो औषध थकल्यामुळे नाही. पहिल्या वर्षी काहीच फरक पडला नाही, तर आधी फ्रीज, सिरिंजची खूण आणि चुकलेल्या रात्री तपासा.

भरतीच्या पोरांसाठी

पोलीस भरतीत मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. पहाटे धावणारी आपली कितीतरी मुले एक-दोन सेंटिमीटरने हुकतात, आणि हे दुःख लहान नाही. त्याच वेळी जिममधला कोणीतरी बिनबिलाची बाटली काढतो, "महिन्यात दोन सेंटिमीटर" म्हणतो. एकोणीस-वीस वर्षांच्या बहुतेक मुलांची हाडे मिटलेली असतात. मिटलेल्या हाडांवर हे हार्मोन उंची देत नाही. जास्त प्रमाणात आणि बराच काळ घेतले तर जबडा, हात, पाय जाड होतात, रक्तातली साखर वाढते, हृदयावर ताण येतो. वर त्या बाटलीत नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. टीव्हीवरच्या उंची वाढवण्याच्या पावडरींचेही तसेच, त्यापेक्षा अंडी आणि डाळ घ्या. भरतीत उंचीची अट नसलेल्या किंवा कमी असलेल्या नोकऱ्याही निघतात, त्यांची माहिती आमच्या नोकरीच्या पानावर पाहत जा.

वापरलेल्या सुया

रोज एक, म्हणजे वर्षाला ३६५ सुया. त्या कुठे जातात? पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या बायका आणि १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद या बहुतांश आपल्याच वस्त्यांतल्या आया-मावश्या आहेत. ओल्या-सुक्याच्या पिशवीत सुई टाकली तर ती त्यांच्याच हातात घुसते. आणि ती कोणाला टोचलेली होती हे त्यांना कळायला मार्ग नसतो, म्हणून त्यांना कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्यांसाठी मजुरी बुडवून रुग्णालयात हेलपाटे घालावे लागतात.

टोपी पुन्हा लावायला जाऊ नका, त्यात आपल्याच बोटाला टोचते. फिनेलची किंवा डिटर्जंटची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सुई तशीच त्यात टाका, झाकण घट्ट फिरवा आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई तिला भोक पाडते. तीन-चतुर्थांश भरली की झाकणावर चिकटपट्टी लावा, वर "सुया" असे लिहा आणि पुढच्या तपासणीला जाताना रुग्णालयात नेऊन द्या. तिथे वेगळी व्यवस्था असते. घ्यायला नकार दिला तर सुया कुठे द्यायच्या, ते सिस्टरना विचारून त्याच दिवशी वहीत लिहून घ्या.